जुने एगकप आणि चिनीमातीच्या छोट्या शोभेच्या वस्तूंचा संग्रह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एगकप म्हणजे नेमके काय, आणि ही वस्तू किती जुनी आहे?

उकडलेले अंडे कवचासकट उभे राहावे आणि वरची टोपी उडवून ते चमच्याने खाता यावे, यासाठी केलेला छोटा पेला म्हणजे एगकप. कोंबडीच्या अंड्याला बेतून त्याच्या तोंडाचा व्यास साधारणपणे साडेचार ते पाच सेंटिमीटर ठेवलेला असतो. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराच्या अवशेषांत चांदीचे एगकप सापडले आहेत. १८ व्या शतकात फ्रान्समधील सेव्रच्या कारखान्यात ते पोर्सिलेनमध्ये घडवले जात. पुढे १९ व्या शतकात इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातील कारखान्यांनी ही वस्तू सामान्य घरांच्या टेबलापर्यंत पोहोचवली. आज संग्राहकांच्या हाती येणारे बहुतेक नग त्यानंतरच्या दीडशे वर्षांतले आहेत.

घडणीचे प्रकार मोजकेच आहेत, पण ते ओळखता यायला हवेत. सर्वांत परिचित प्रकार म्हणजे खाली गोल पाय आणि वर वाटी. पाय नसलेला, बादलीच्या आकाराचा एगकप हा दुसरा प्रकार होय. तिसऱ्या प्रकारात तळाला बशी कायमची जोडलेली असते, म्हणजे कवचाचे तुकडे आणि मीठ ठेवायला जागा मिळते. डमरूसारखा दुतोंडी एगकप विशेषतः अमेरिकेत चालला. त्याच्या लहान तोंडात अंडे उभे राहते आणि मोठ्या तोंडात ते फोडून, कालवून खाता येते. याशिवाय बूड नसलेले नुसते कडे असते, पक्षी, प्राणी किंवा माणसाच्या आकृतीचे एगकप असतात आणि एका तबकात चार किंवा सहा एगकप बसवलेले संचही मिळतात.

एगकपसारखी दिसणारी पण एगकप नसलेली वस्तू कशी ओळखावी?

डोळे धुण्याचे जुने पेले, काड्या ठेवायच्या डब्या, मिठाच्या वाट्या, मेणबत्तीच्या बैठका आणि मद्याचे छोटे पेले नेहमी एगकप म्हणून विकले जातात. डोळे धुण्याच्या पेल्याचे तोंड लंबगोल असते आणि कडा डोळ्याच्या खोबणीत बसेल अशी वळलेली असते. मेणबत्तीच्या बैठकीची आतली बाजू सरळ नळीसारखी खाली जाते, तर एगकपची आतली बाजू अंड्याच्या निमुळत्या टोकासारखी गोलाई घेत उतरते. सोबत खरे अंडे नेणे शक्य नसते. साडेचार सेंटिमीटर व्यासाचा लाकडी गोळा खिशात ठेवला तर शंका जागीच फिटते.

छोट्या शोभेच्या वस्तू याच संग्रहात का धरल्या जातात?

कारण त्या एकाच हातांनी घडवलेल्या आहेत. ज्या कारखान्यात कोंबडीच्या पिल्लाचा एगकप ओतला जाई, त्याच कारखान्यात त्याच मातीतून, त्याच भट्टीत बसलेले मांजर किंवा छत्री धरलेली मुलगी भाजली जाई. दोन्ही वस्तू स्वस्त होत्या, मुलांना बक्षीस म्हणून किंवा सहलीची आठवण म्हणून घेतल्या जात, आणि दोन्हींवर कारखान्याने फारसा वेळ खर्च केलेला नसे. अशा वस्तूंवर घाईत मारलेला ब्रशचा एकच फटकारा किंवा साच्याची पुरती न घासलेली रेघ दिसते, आणि माझ्या मते कामगाराचा हात इतका जवळून दाखवणारा पुरावा मोठ्या, काळजीपूर्वक पूर्ण केलेल्या फुलदाणीत सापडत नाही. म्हणून त्यांचा अभ्यास एकत्र करणे सोयीचेही आहे आणि योग्यही.

संग्रहाला सुरुवात करताना विषय ठरवावा का?

ठरवावा, पण पहिल्याच दिवशी ठरवण्याची गरज नाही. सुरुवातीला दहा-पंधरा वेगवेगळ्या जातींचे साधे नग हाताळावेत, म्हणजे आपली नजर कुठे रेंगाळते ते कळते. त्यानंतर एक कारखाना, एक देश, एक कालखंड, एक आकार किंवा एक प्राणी असा धागा निवडावा. धागा नसलेला संग्रह काही वर्षांत नुसता साठा होतो, कारण पुढचा नग का घ्यायचा याचे उत्तर संग्राहकाकडे राहत नाही. त्याउलट फक्त दुतोंडी एगकप किंवा फक्त निळ्या-पांढऱ्या विलो नक्षीचे एगकप जमवणाऱ्याला प्रत्येक नवा नग आधीच्या नगांशी ताडून पाहता येतो. विलो नक्षी १८ व्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडमध्ये आणि नंतर जपानमध्येही छापली गेली आहे. त्यामुळे तेवढ्या एका नक्षीतही पूल, झाड आणि दोन पक्षी यांच्या छपाईतले फरक पाहत आयुष्यभर शिकता येते.

मातीची भांडी, दगडी माती, पोर्सिलेन आणि बोन चायना यांतला फरक हातात घेऊन कसा ओळखावा?

साधे मातीचे भांडे साधारण १००० ते ११५० अंश सेल्सिअसला भाजले जाते, आणि झिलई नसलेल्या जागी ते सच्छिद्र राहते. तळाच्या उघड्या कडेला ओले बोट लावले तर पाणी शोषले जाते आणि क्षणभर काळपट डाग दिसतो. दगडी माती १२०० अंशांच्या वर भाजली जात असल्याने ती घट्ट, जड आणि न शोषणारी असते. पोर्सिलेन १२५० ते १४०० अंशांपर्यंत भाजले जाते, त्यात केओलिन ही पांढरी माती असते आणि पातळ भागातून प्रकाश आरपार दिसतो. बोन चायना हा इंग्लंडचा शोध आहे. १८ व्या शतकाच्या शेवटी जोसाया स्पोड आणि त्याच्या मुलाच्या कारखान्यात त्याचे सूत्र स्थिरावले. त्यात जवळपास निम्मी हाडांची राख असते, त्यामुळे त्याचा पांढरेपणा किंचित उबदार, दुधाळ दिसतो.

दिव्यासमोर धरून पाहण्याची परीक्षा एगकपच्या बाबतीत वाटीच्या कडेजवळ करावी, पायाजवळ नाही, कारण पायाची माती जाड असते आणि उत्तम पोर्सिलेनही तिथे अपारदर्शक भासते. भरीव ओतलेल्या प्राण्यांच्या आकृत्यांना ही परीक्षा लागूच पडत नाही. तिथे तळाचा पोत आणि वजन यांवर विसंबावे लागते.

तळावरच्या शिक्क्यावरून वय कसे काढावे?

शिक्क्यावरून काळाची एक मर्यादा कळते. नेमके वर्ष क्वचितच कळते, आणि हे भान सुटले की चुका होतात. खालील खुणा भरवशाच्या आहेत.

इंग्लंडमधील हिऱ्याच्या आकाराचे नोंदणीचिन्ह १८४२ ते १८८३ या काळात वापरले गेले. हिऱ्याच्या माथ्यावरील वर्तुळात रोमन चार हा आकडा असेल तर ती वस्तू मातीकामाच्या वर्गात नोंदलेली आहे. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर वरच्या कोनात असे, १८६८ पासून ते उजव्या कोनात गेले. १८८४ पासून हिऱ्याऐवजी 'आरडी नंबर' या अक्षरांपुढे नोंदणी क्रमांक येऊ लागला. साडेतीन लाखांच्या आसपासचा क्रमांक १९०० च्या सुमाराचा असतो. मात्र हिरा काय किंवा क्रमांक काय, दोन्ही आराखड्याच्या नोंदणीची तारीख सांगतात. तोच आराखडा कारखाना पुढे अनेक वर्षे चालवू शकत असे.

देशाचे नाव ही दुसरी मोठी खूण आहे. अमेरिकेत १८९० मध्ये संमत झालेल्या मॅकिन्ली जकात कायद्यानुसार १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत लिहिणे बंधनकारक झाले. म्हणून नुसते 'इंग्लंड' लिहिलेला नग बहुधा १८९१ नंतरचा, आणि 'मेड इन इंग्लंड' असे पूर्ण लिहिलेला नग सामान्यतः २० व्या शतकातला समजला जातो. देशाचे नाव नाही म्हणून वस्तू जुनीच आहे, असा उलटा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण देशांतर्गत विक्रीच्या मालावर आणि चिकटवलेल्या कागदी लेबलाच्या मालावर ते नाव नसतेच.

जपानी मालाचा क्रम अधिक स्पष्ट आहे. १८९१ ते १९२१ या काळात 'निप्पॉन', १९२१ पासून 'जपान' आणि महायुद्धानंतर १९५२ मध्ये परकीय ताबा संपेपर्यंतच्या बऱ्याच निर्यात मालावर 'ऑक्युपाइड जपान' असे लिहिलेले आढळते. 'वेस्ट जर्मनी' हे शब्द १९४९ ते १९९० या काळाचे आहेत, आणि 'चेकोस्लोव्हाकिया' हे नाव १९१८ पूर्वीच्या वस्तूवर असूच शकत नाही. डिशवॉशर किंवा मायक्रोवेव्हमध्ये चालेल असे सांगणारी ओळ तळावर असेल, तर वरची नक्षी कितीही जुन्या धाटणीची असली तरी नग अलीकडचा आहे.

शिक्काच नसेल तर?

छोट्या वस्तूंपैकी बऱ्याच वस्तूंवर शिक्का नसतो, आणि माझ्या मते खरे शिक्षण तिथूनच सुरू होते. नग खिडकीजवळच्या उजेडात उलटा धरावा आणि तळाकडे इतर कशाहीपेक्षा जास्त वेळ पाहावे.

उदाहरण म्हणून दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला, जपानी बनावटीचा, पिल्लाच्या आकृतीचा एक एगकप घेऊ. पिल्लाच्या पाठीवरच्या वाटीला मोत्यासारखी चमकणारी नारिंगी झिलई आहे, आणि ती कडेपाशी पातळ होत फिकट गुलाबी झाली आहे. पोटाखालून चोचीपर्यंत साच्याच्या दोन भागांचा सांधा बोटाला लागतो, पण डोळ्याला दिसत नाही. डोळा म्हणजे काळ्या रंगाचा एक ठिपका, आणि त्याला ब्रश उचलताना राहिलेली छोटी शेपटी आहे. तळाशी झिलई पुसून काढलेली गोल कडा आहे. तिचा मूळ पांढरा पृष्ठभाग घर्षणाने गुळगुळीत झाला आहे, आणि राखाडी मळ फक्त कडेच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे टेबलाला टेकणाऱ्या भागावर बसला आहे. वापराची खरी झीज अशीच असते. ती टेकणाऱ्या जागी जास्त असते, खोलगट जागी नसते, आणि तिच्या रेघा सर्व दिशांना जातात. मुद्दाम घासून किंवा चहाच्या पाण्यात बुडवून आणलेला जुनेपणा सगळीकडे सारखा पसरलेला असतो.

तळावर त्रिकोणात तीन बारीक टोचे दिसले तर भट्टीत वस्तू तिकाटण्यावर ठेवून भाजली होती असे समजावे. छोटे गोल छिद्र असेल तर वस्तू पोकळ आहे आणि भाजताना आतली हवा बाहेर जाण्यासाठी ते ठेवले आहे. स्टॅफर्डशायरच्या जुन्या, कुत्र्यांच्या आकृत्यांच्या जोड्या माती साच्यात दाबून केल्या जात, त्यामुळे त्या वजनाला भरतात आणि हे छिद्र लहान असते. पातळ माती साच्यात ओतून केलेल्या नंतरच्या प्रतिकृती हलक्या असतात आणि त्यांचे छिद्र बऱ्याचदा बोट जाईल एवढे मोठे असते.

नक्षी हाताने रंगवलेली आहे की छापलेली, हे कसे कळते?

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. हाताने रंगवलेल्या रेघेची जाडी बदलते, ती जिथे सुरू होते तिथे रंग दाट असतो आणि जिथे संपते तिथे विरळ होतो. तांब्याच्या पाट्यावरून कागदावर आणि कागदावरून भांड्यावर उतरवलेली छपाई इंग्लंडमध्ये १८ व्या शतकाच्या मध्यापासून वापरात आहे. त्यात बारीक समांतर रेघा दिसतात आणि कागदाची दोन टोके जुळवताना नक्षी कुठेतरी तुटलेली असते. एगकपसारख्या छोट्या गोल वस्तूवर हा सांधा हमखास सापडतो. अलीकडच्या रंगीत चित्रछपाईत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. पुष्कळ नगांवर छापील रेघ आणि आत हाताने भरलेला रंग असा मिलाफ असतो, आणि अशा नगाला 'हाताने रंगवलेला' म्हणणे अर्धेच खरे आहे.

कोणत्या कारखान्यांचा अभ्यास आधी करावा?

ज्यांचा माल विपुल आहे आणि ज्यांच्या खुणा स्पष्ट आहेत त्यांचा.

स्टोक-ऑन-ट्रेंट येथील विल्यम हेन्री गॉस याने १८५८ मध्ये कारखाना काढला, आणि १८८० च्या दशकात त्याचा मुलगा अॅडॉल्फस याच्या कल्पनेने शहरांची मानचिन्हे असलेल्या हस्तिदंती रंगाच्या छोट्या वस्तू बाजारात आल्या. रेल्वेने सहलीला जाणारे लोक त्या त्या गावाचे चिन्ह असलेली वस्तू घरी नेत. आर्केडियन, विलो आर्ट, शेली, कार्लटन अशा अनेकांनी तोच मार्ग धरला. गॉसचा नग अत्यंत पातळ आणि रेखीव असतो, इतरांचे बहुधा किंचित जाड. हा फरक दोन नग शेजारी ठेवल्याशिवाय समजत नाही.

जत्रांमध्ये बक्षीस म्हणून दिल्या जाणाऱ्या छोट्या पोर्सिलेनच्या विनोदी आकृत्या व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये फार लोकप्रिय होत्या, पण त्यांतल्या बहुतेक जर्मनीतील पॉसनेक येथील कोंटा अँड ब्योमे कारखान्यात तयार होत. खंजीर धरलेला वाकवलेला हात ढालीत कोरलेला असेल तर तो याच कारखान्याचा शिक्का होय.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील टॉर्की परिसरातले एगकप हा माझ्या विशेष आवडीचा विषय आहे. तिथल्या लाल मातीवर फिकट मातीचा थर देऊन, तो ओला असतानाच अणकुचीदार काडीने कोरून ओळी लिहिल्या जात. कोरलेल्या अक्षरांतून खालची लाल माती दिसते. एका बाजूला झोपडी किंवा कोंबडा आणि दुसऱ्या बाजूला ताज्या अंड्याविषयीची एखादी ओळ असते, आणि अक्षर लिहिणाऱ्याचे वळण प्रत्येक नगावर वेगळे असते. अॅलर व्हेल, वॉटकोम आणि लाँगपार्क ही तिथली महत्त्वाची नावे असून वॉटकोमचे काम १९६२ मध्ये थांबले.

इंग्लंडमधील मातीकामाची रचनाकार क्लॅरिस क्लिफ हिची 'बिझार' मालिका १९२८ च्या सुमारास बर्सलेम येथून बाजारात आली. तिच्या नावाचा छापील शिक्का म्हणजे तिने स्वतः तो नग रंगवला असा अर्थ नव्हे. तिचे आराखडे तिने शिकवलेल्या तरुण मुलींचा गट रंगवीत असे. रॉयल डौल्टनची सशांची 'बनीकिन्स' मालिका १९३४ पासूनची, तर जर्मनीतील गोबेल कारखान्याच्या लहान मुलांच्या हुमेल आकृत्या १९३५ पासूनच्या आहेत. वेड कारखान्याचे तीन ते पाच सेंटिमीटरचे 'व्हिम्झी' प्राणी १९५० च्या दशकात आले, आणि १९६७ पासून कॅनडात रेड रोझ चहाच्या खोक्यांतून ते घरोघरी पोहोचले. कार्लटन वेअरचे १९७० च्या दशकातले, पायांत मोजे आणि बूट घातलेले 'वॉकिंग वेअर' एगकप नवशिक्या संग्राहकालाही दुरून ओळखता येतात.

शिक्क्यावर ओरखडा किंवा आडवी रेघ असेल तर तो खोटा समजावा का?

नाही. जर्मनीतील माइसेन आणि डेन्मार्कमधील रॉयल कोपनहेगन यांसारखे पोर्सिलेनचे कारखाने दुय्यम प्रतीच्या मालाचा शिक्का मुद्दाम रेघ मारून खोडत असत. तो नग अस्सल असतो, पण कारखान्याच्या नजरेत त्यात काही उणीव होती, आणि विकणाऱ्याने ती सांगायला हवी.

नकली नग ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग कोणता?

अस्सल नग भरपूर हाताळणे, हाच. माइसेनच्या निळ्या, एकमेकींना छेदणाऱ्या तलवारींच्या शिक्क्याची नक्कल १८ व्या शतकापासून होत आली आहे. पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने तर जुन्या पोर्सिलेनच्या प्रतिकृतींवरच आपला धंदा उभा केला होता. शिक्का हा वस्तूचा सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत आधी नकलला जाणारा भाग आहे. माती, वजन, झिलईचा रंग, तळाची कडा आणि सोनेरी रेघेचा पोत यांची एकत्र नक्कल करणे महाग पडते, आणि छोट्या वस्तूसाठी तेवढी मेहनत सहसा कोणी घेत नाही. १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंतचे सोने मऊ, किंचित मंद चमकीचे असते. नंतर आलेले द्रवरूप सोने आरशासारखे चकाकते आणि लवकर झिजते. एखाद्या नगाचा शिक्का जुना सांगतो आणि सोने नवे सांगते, तेव्हा सोन्यावर विश्वास ठेवावा.

टवका, तडा आणि झिलईवरचे जाळे यांना किती महत्त्व द्यावे?

तिन्ही दोष वेगळे आहेत. टवका म्हणजे कडेचा उडालेला तुकडा. एगकपची वरची कडा आणि आकृतीचे कान, शेपटी, बोटे तपासताना डोळ्यांपेक्षा बोट जास्त खरे सांगते, कारण रंगवून झाकलेली जागा स्पर्शाला किंचित उबदार आणि चिकट लागते. तडा झिलई आणि माती दोन्हींतून जातो, आणि तो पुढे वाढू शकतो. झिलईवरचे बारीक जाळे मात्र फक्त वरच्या थरात असते. भट्टीतून निघाल्यावर थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसली तर ती ताणाखाली राहते आणि कालांतराने फाटते. सच्छिद्र माती वर्षानुवर्षे ओलावा शोषून किंचित फुगते, त्यामुळेही असे जाळे उमटते. जुन्या मातीच्या एगकपवर असे जाळे असणे स्वाभाविक आहे आणि त्यात तपकिरी डाग उतरले नसतील तर मी त्याला दोष मानत नाही.

डागडुजी शोधण्यासाठी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा वापरावा. पुष्कळ आधुनिक गोंद आणि रंग त्या प्रकाशात मूळ झिलईपेक्षा वेगळे चमकतात. नखाने हलकेच टिचकी मारून आवाज ऐकण्याची पद्धत पोर्सिलेनसाठी चांगली आहे. साध्या मातीचा आवाज मुळातच बद्द असतो, तिथे तिचा उपयोग नाही.

जुन्या एगकपमध्ये अंडे खावे का?

माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. जुन्या झिलईत शिसे सर्रास वापरले जाई, आणि झिलईवर चढवलेल्या लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांत कॅडमियम असू शकते. झिलईला जाळे पडले असेल तर अन्नाचे कण आत शिरतात आणि धुऊनही निघत नाहीत. अमेरिकेतील होमर लाफलिन कंपनीच्या 'फिएस्टा' भांड्यांच्या लाल झिलईत तर युरेनियमचे संयुग होते. ती भांडी १९३६ मध्ये आली, युद्धकाळात १९४३ मध्ये हा रंग थांबला आणि १९५९ ते १९७२ या काळात पुन्हा निघाला. असे नग कपाटात ठेवायला हरकत नाही, पण त्यांतून खाऊ नये. बाजारात मिळणाऱ्या शिसे तपासण्याच्या काड्या केवळ प्राथमिक इशारा देतात, त्यांच्या भरवशावर मुलांच्या हाती जुना एगकप देऊ नये.

स्वच्छता कशी करावी?

आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी, आणि पुष्कळदा तेवढे पुरते. पाणी लावण्यापूर्वी रंग भाजलेला आहे की वरून नुसता लावलेला आहे, हे ओल्या कापसाच्या बोळ्याने तळाजवळ तपासावे. युद्धानंतरच्या अनेक स्वस्त आकृत्यांवरचा रंग न भाजलेला असतो आणि तो पाण्याने निघून येतो. रंग पक्का असेल तर प्लॅस्टिकच्या घमेल्यात तळाशी टॉवेल अंथरून, कोमट पाणी आणि सौम्य साबणाचे दोन थेंब घेऊन एकेक नग धुवावा. डिशवॉशर सोनेरी रेघेचा शत्रू आहे.

डाग घालवण्यासाठी कपड्यांचे ब्लीच वापरण्याचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, आणि तो घातक आहे. ब्लीचमधले क्षार सच्छिद्र मातीत राहतात, वाळताना त्यांचे स्फटिक बनतात आणि ते आतून झिलई उचलतात. काही महिन्यांनी झिलईचे पापुद्रे निघू लागले की मग काहीच करता येत नाही. डाग सहन होत नसेल तर तो नग संवर्धनतज्ज्ञाला दाखवावा.

नग तुटला तर घरी जोडावा का?

सगळे तुकडे, अगदी दाण्याएवढेही, गोळा करून वेगवेगळ्या कागदात गुंडाळून ठेवावेत आणि घाई करू नये. झटपट चिकटणारा गोंद वापरला तर तुकडे किंचित चुकीच्या जागी बसतात आणि पुन्हा उलगडणे कठीण होते. संवर्धनात पॅरालॉइड बी-७२ हे अॅक्रिलिक रेझिन वापरतात, कारण ते अॅसिटोनमध्ये विरघळते आणि जोड केव्हाही सोडवता येतो. जोडलेला नग पुढे कोणाला दिला तर त्या जोडाची माहिती सोबत द्यावी.

मांडणी आणि नोंदी कशा ठेवाव्यात?

एगकप एकात एक रचून ठेवू नयेत, कडेचे बहुतेक टवके तिथेच उडतात. आकृती उचलताना मान, हात किंवा शेपटी न धरता तळाखाली हात घालावा. फळी हादरत असेल तर तळाला संग्रहालयात वापरतात तसले मेण थोडेसे लावावे.

नोंदीत मिळाल्याची तारीख, कोणाकडून मिळाला, मापे, शिक्क्याचे छायाचित्र, दोष आणि आपला अंदाज एवढे तरी असावे, आणि अंदाजापुढे तो कशावरून केला हे लिहावे. आधीच्या मालकाने तळावर चिकटवलेली चिठ्ठी किंवा दुकानाचे फाटके लेबल काढू नये. त्या चिठ्ठीवरचे हस्ताक्षर पुष्कळदा त्या नगाच्या आजवरच्या प्रवासाचा एकमेव लेखी पुरावा असते.

किंमत कशावर ठरते?

कारखाना, आराखड्याची दुर्मीळता, स्थिती, संच पूर्ण आहे की नाही आणि त्या वेळी किती संग्राहक तो नग शोधत आहेत, यांवर. वयाचा वाटा लोकांना वाटतो त्याहून कमी असतो. राज्याभिषेकाची आठवण म्हणून काढलेली भांडी हे याचे चांगले उदाहरण आहे. ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड याचा १९३७ चा राज्याभिषेक झालाच नाही, म्हणून त्याची भांडी दुर्मीळ असावीत असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात डिसेंबर १९३६ मध्ये त्याने गादी सोडली तोपर्यंत कारखान्यांनी प्रचंड माल तयार केला होता आणि तो आजही विपुल आहे.

टपालाने नग पाठवताना किंवा मागवताना काय काळजी घ्यावी?

एगकपच्या वाटीत आधी मऊ कागदाचा बोळा घट्ट पण दाब न देता भरावा, मग पूर्ण नग बिनआम्लाच्या पातळ कागदात गुंडाळावा. छापील वर्तमानपत्र थेट लावू नये, त्याची शाई सच्छिद्र मातीत उतरते. बुडबुड्यांचे प्लॅस्टिक कागदावरून गुंडाळावे, कारण उष्णतेत ते सोनेरी कामावर ठसे उमटवते. आकृतीचे पुढे आलेले हात किंवा कान असतील तर त्यांच्याभोवतीची पोकळी कागदाने भरावी, म्हणजे धक्का एकट्या कानावर येत नाही. त्यानंतर खोक्यात खोके ठेवून दोहोंमध्ये चारी बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर मऊ भरण द्यावे, आणि खोके हलवून आत काही सरकत नाही याची खात्री करावी. मागवणाऱ्याने खोके उघडताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढावे आणि सगळा कागद झटकून पाहिल्याशिवाय टाकू नये, कारण उडालेला छोटा तुकडा बहुधा त्या कागदातच अडकलेला असतो.